आत्ता म्हणजे नक्की कधी? जोहान्सबर्गच्या इंग्रजीतले उसने शब्द

रानजाई

दीड वर्षापूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मिडरँडला आलो. मिडरँड म्हणजे जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियाच्या मधोमध. आल्यावर चौथ्याच दिवशी सिंकखालचा पाइप गळायला लागला. सकाळी दहाला प्लंबरला फोन केला, तर म्हणाला, "जस्ट नाऊ येतो." मी खाली बादली लावली, ओटा आवरला. पाणी बंद करावं लागेल म्हणून पोराला आंघोळ न घालताच बसवून ठेवलं. अकरा वाजले, बारा वाजले. दोनला पुन्हा फोन केला. तोच उत्साह, तेच "जस्ट नाऊ". साडेचारला हसतमुखाने आला आणि माझा चेहरा असा का झालाय हे त्याला कळेचना.

शेजारच्या काकू डर्बनच्या तमिळ घरातल्या, इथली चौथी पिढी. संध्याकाळी त्यांनी मला घड्याळ शिकवलं. नुसतं "नाऊ" म्हणजे बघू. "जस्ट नाऊ" म्हणजे आज कधीतरी, नाहीतर उद्या. आणि "नाऊ नाऊ" म्हणजे खरंच थोड्या वेळात. माझी चूक अशी की मी ते इंग्रजी समजत होते. शब्द इंग्रजी, पण आत बसलंय आफ्रिकान्स, म्हणजे इथली डचपासून झालेली भाषा: "नेत्नाऊ" आणि "नाऊ-नाऊ". तिथे नेत्नाऊ मघाशीलाही चालतं आणि मग कधीतरीलाही. डच शेतकऱ्यांच्या वंशजांनी ते शब्दशः इंग्रजीत ओतलं आणि आता सगळा देश ते वापरतो.

त्या दिवसापासून वहीत शब्द टिपतेय. रस्ता विचारला की सांगतात, "दुसऱ्या रोबोला डावीकडे." रोबो म्हणजे सिग्नल. "बकी" म्हणजे मागे उघडा हौदा असलेली छोटी गाडी, आपल्याकडे भाजीवाले-दूधवाले ठेवतात तशी, आणि डब्यालाही बकीच. म्हणजे "बकीत बकी ठेव" हे वाक्य इथे बरोबर आहे. "ब्राय" म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजणं, आणि त्यासाठी लोकांनी एकत्र जमणंही. त्याला बार्बेक्यू म्हटलं तर लोक दुखावतात. गॅसवर केलं तर अजूनच. २४ सप्टेंबरला हेरिटेज डेची सुट्टी असते, तिला निम्मे लोक ब्राय डेच म्हणतात. काही छान झालं की "लेकर!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लेकरूच आठवलं.

फक्त एक शब्द शिकावा लागला नाही, लोडशेडिंग. तो मी पदवीधर होऊनच आले होते.

इथे राहून गेलेल्यांनी, शब्दांचा नाद असलेल्यांनी भर घाला.

अडकित्ता

आमच्या सुताराचं "आलोच" हे नेत्नाऊचंच भाषांतर असणार. मागच्या गणपतीत म्हणाला होता.

मीठभाकर

रानजाई, धागा झकास. आपण मराठी माणसं आफ्रिकान्स रोज बोलतो, कळत नाही एवढंच. "या रविवारी हरिश्चंद्रगडाचा ट्रेक आहे" यातला ट्रेक तिथलाच. डचमध्ये "ट्रेकन" म्हणजे ओढणं. बैलांनी गाडा ओढायचा तो ट्रेक. १८३५ नंतर केप वसाहतीतले हजारो बोअर, म्हणजे डच वंशाचे शेतकरी, इंग्रजांच्या राज्याला कंटाळून बैलगाड्यांत संसार घालून उत्तरेकडे निघाले, त्याला "ग्रेट ट्रेक" म्हणतात. इंग्रजांनी शब्द उचलला, मग तो जगभर पायी चालण्याला चिकटला, आणि फिरत फिरत सह्याद्रीत आला. बैल गेले, पाठीवरची सॅक राहिली.

कमांडो तसाच. मूळ पोर्तुगीज, पण जगाला मिळाला बोअरांकडून. त्यांचे शेतकरी घोडा आणि बंदूक घेऊन जमत, त्या तुकडीला कमांडो म्हणत. १८९९ ते १९०२ च्या युद्धात समोरासमोर टिकाव लागेना तेव्हा याच तुकड्यांनी गनिमी काव्याने इंग्रजांना रडवलं. तो धडा इंग्रज विसरले नाहीत. १९४० मध्ये छापे घालायला खास पथकं उभी केली तेव्हा नाव ठेवलं शत्रूचंच.

आणि फुटबॉलवाल्यांसाठी: लिव्हरपूलच्या मैदानातला तो प्रसिद्ध "कॉप" स्टँड. कॉप म्हणजे आफ्रिकान्समध्ये डोकं, आणि डोक्यासारखी टेकडीही. स्पिऑन कॉप म्हणजे टेहळणीची टेकडी, दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात आहे. जानेवारी १९०० मध्ये तिथे इंग्रजांची भयंकर कत्तल झाली. मेलेल्यांत लँकेशायरचे पुष्कळ होते, म्हणून १९०६ मध्ये लिव्हरपूलकरांनी आपल्या उंच मातीच्या स्टँडला ते नाव दिलं. त्या टेकडीखालून जखमींच्या डोल्या वाहणाऱ्यांत सुमारे अकराशे हिंदी माणसांचं पथक होतं आणि ते उभं केलं होतं गांधीजींनी. तिशीतला बॅरिस्टर, खांद्यावर डोली.

वेलदोडा

मस्त माहिती. प्राण्यांची नावंही बघा. आर्डवार्क म्हणजे मातीतलं डुक्कर, विल्डबीस्ट म्हणजे रानटी जनावर, स्प्रिंगबॉक म्हणजे उडी मारणारा बोकड. डच लोकांनी दिसलं ते नाव ठेवलं, डोक्याला ताप नाही. आणि मीरकॅट म्हणजे आपलं मर्कट! संस्कृत तिथवर पोचलं होतं.

मांबा, इंपाला मात्र झुलू वाटतात. इंपाला म्हटलं की मला ती लांबलचक शेवरोलेटच आठवते.

उंबरठा

वेलदोडा, मर्कटाचा मोह आवरा. जुन्या जर्मनमध्ये लांब शेपटीच्या माकडाला हा शब्द होताच, वास्को द गामा कालिकतला पोचायच्या कित्येक शतकं आधी. डच खलाशांनी तो केपमध्ये वेगळ्याच प्राण्याला चिकटवला. ध्वनी जुळला की नातं जुळलं असं नसतं, नाहीतर रानजाईंचं लेकर म्हणजे लेकरू होईल.

मांबा, इंपालाबद्दल बरोबर. झुलू, खोसा, स्वाती, एन्देबेले या चार सख्ख्या बहिणी. त्यांच्या कुळाला न्गुनी म्हणतात. यांची गंमत अशी की आपण शेपटाला जे करतो ते या डोक्याला करतात. आपलं बघा: माणूस, माणसं, माणुसकी. मूळ तेच, शेपूट बदलतं. झुलूत "न्तु" हे मूळ. उमुन्तु म्हणजे माणूस, अबान्तु म्हणजे माणसं, आणि उबुन्तु म्हणजे माणुसकी. हो, तेच उबुंटू, २००४ मध्ये मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी माणसाने ज्या लिनक्स संगणकप्रणालीला हे नाव दिलं ते. आपले आयटीवाले रोज संगणकावर माणुसकी चालू करतात आणि त्यांना पत्ता नसतो. १९९५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने फाशी रद्द केली, त्या निकालपत्रातही या शब्दाचा आधार घेतलाय.

इंग्रजी हे शब्द घेताना बहुधा डोक्यावरची टोपी काढून घेते. इमांबाचा मांबा झाला, इसांगोमाची सांगोमा (अंगात येणारी, रोग बघणारी), उदोंगाचा डोंगा, म्हणजे पावसाने कोरलेली घळ. उमफुन्दिसी म्हणजे शिकवणारा, त्याचा तुकडा पडून "फंडी" उरला. "तो कॉम्प्युटरचा फंडी आहे" म्हणजे त्यातला पक्का. उमुथीचं "मुती" झालं. उमुथी म्हणजे झाड, आणि औषधही तेच. आपल्या झाडपाल्यासारखं. आता खोकल्याच्या बाटलीलाही मुती म्हणतात. इंदाबा मात्र टोपीसकट आला. मूळ अर्थ विषय, बातमी. इंग्रजीत झाला बैठक, परिषद. "दॅट्स युवर इंदाबा" म्हणजे तुझं तू निस्तर.

उलट दिशेची वाहतूक तर फारच मजेची. शाळा म्हणजे इसिकोले, दुकान म्हणजे इसितोलो, आगगाडी म्हणजे इसितिमेला, जी मूळची "स्टीमर". आपले आजोबा इस्कूल, इस्टेशन म्हणायचे तसंच वाटतं ना? पण आपण इथे थांबलो. झुलू लोकांना तो "इसि" आपल्या व्याकरणातलाच वाटला, आणि त्यांनी अनेकवचन करून टाकलं: इझिकोले, इझितोलो. उसना शब्द असा घरचा होतो.

अडकित्ता

उंबरठा, वहीत लिहून घेतलं. ते "न्गु" म्हणताना दात दुखला.

आणि त्या भाषांत टक् टक् आवाज काढतात म्हणे, त्यातले शब्द इंग्रजीत आले का?

उंबरठा

अगदी थोडे. तिथे इंग्रजीची जीभ वळत नाही. आपली वळते, फक्त आपण त्याला भाषा मानत नाही. कुणी पडलं की आपण "च्च च्च" करतो, तो खोसातला एक व्यंजन आहे, लिहितात सी. घोड्याला हाकताना गालाच्या बाजूने जो आवाज काढतात तो दुसरा, लिहितात एक्स. "खोसा" या नावातच तो आहे, पेपरवाले ख लिहून मोकळे होतात. तिसरा क्यू, टाळ्याला जीभ लावून सोडायची, बाटलीचं बूच उडाल्यासारखा. हे आवाज मूळचे न्गुनी नव्हेत. त्यांच्या आधी तिथे राहणाऱ्या खोई आणि सान लोकांकडून आले. म्हणजे उसनवारी तिथेही आहेच.

रानजाई

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी खोसा आहे. तिने जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस शिकवलं. च्च आणि घोडा मला पहिल्या झटक्यात आला, तिला फार आश्चर्य वाटलं. खरी पंचाईत पुढे आहे. आवाज नुसता काढता येतो, पण तो शब्दाच्या मधोमध, श्वास न तोडता, पुढच्या स्वराला चिकटवून काढायचा म्हणजे कसरत. पोर्ट एलिझाबेथचं नाव २०२१ मध्ये बदलून जे ठेवलं, ग्केबेऱ्हा, त्यात बूच आणि घशातला खर्र दोन्ही आहेत. मराठीत लिहिलेलं हे रूप म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. मी अजून "पीई" म्हणते. तीही म्हणते, माझी दया येऊन.

तिच्याकडून उचललेले उद्गार मात्र आता सुटत नाहीत. "एइश" म्हणजे अरे देवा. "हाउ!" म्हणजे अय्या. "हायबो!" म्हणजे काहीतरीच काय. "येबो" म्हणजे हो. सोमवारी सकाळी कुणी डोकं धरून बसलं की "बाबालास". आदल्या रात्रीची उतरलेली नाही. हा शब्द झुलूतून आफ्रिकान्समध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. तीनही भाषांची माणसं रविवारी एकच काम करत असणार.

सातवीण

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू गोष्ट. आफ्रिकान्सचे शब्द किती गमतीचे म्हणताना "अपार्टहेट" हाही आफ्रिकान्सच आहे हे विसरू नका. शब्दशः "वेगळेपण". १९४८ पासून ते सरकारचं धोरण होतं. मराठी पेपरांनी त्याचा वर्णभेद केला, हे बरं केलं, आपल्याला आत काय आहे ते थेट कळलं. १६ जून १९७६ ला जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो वस्तीत शाळकरी पोरं रस्त्यावर उतरली ती याच भाषेच्या सक्तीविरुद्ध. निम्मे विषय आफ्रिकान्समधून शिका, असा हुकूम होता. पोलिसांनी गोळ्या घातल्या. लेकर वगैरे ठीक आहे, पण त्या पिढीतल्या माणसासमोर जपून.

मीठभाकर

सातवीण, मान्य, शंभर टक्के. पण भाषा तेवढीच नाही. ती बंगल्यात जन्मली नाही, बंगल्याच्या मागच्या स्वयंपाकघरात जन्मली. डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला गुलाम आणले ते जावा-सुमात्राकडून, मादागास्करहून, आणि आपल्या बंगाल, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यावरूनही. या सगळ्यांनी डच मोडून वापरलं आणि त्यातून आफ्रिकान्स घडली. "बाइये" म्हणजे पुष्कळ, हा मलय. केळ्याला "पिसांग", तोही मलय. एकोणिसाव्या शतकात केप टाऊनच्या मदरशांत हीच भाषा अरबी लिपीत लिहीत. १९२५ मध्ये तिला राजभाषा करणाऱ्या गोऱ्यांना यातलं काही आठवायचं नव्हतं.

एकच शब्द घ्या: "शाम्बॉक". गेंड्याच्या नाहीतर पाणघोड्याच्या कातड्याचा जाड आसूड. वर्णभेदाच्या काळात पोलिसांच्या हातात हाच असायचा, पुढे प्लास्टिकचा झाला. आफ्रिकान्सने तो घेतला मलयकडून, मलयने घेतला फारशी-हिंदुस्तानीकडून. आपला चाबूक! टांगेवाल्याच्या हातातला शब्द जावामार्गे केपला गेला आणि माणसांच्या पाठीवर पडला.

केपची आत्या

सहसा वाचनमात्र असते, पण केपचं नाव निघालं म्हणून लिहिते. आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्या खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातली बरीच घरं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केप टाऊनला गेली. त्यांना तिथे "कोकणी मुसलमान" म्हणूनच ओळखतात, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजून कोकणी आहे. अब्बांच्या दोस्ताची बहीण तिथे दिलेली, सगळा गाव तिला केपची आत्या म्हणायचा, तिचंच नाव मी इथे घेतलंय. ती आली की संत्र्याला "नार्ची" म्हणायची. आम्ही हसायचो. आता कळतं की नार्ची आफ्रिकान्सने तमिळवरून घेतलीय, आणि आपलं नारिंग तिचंच भावंड. लोणच्याला तिकडे "अत्यार". पायरीला, म्हणजे घरापुढच्या ओट्याला "स्तूप". ती म्हणायची "चल, स्तुपावर बसू", आणि आम्हाला सांचीचा दिसायचा.

१९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेला गेले होते तेव्हा याच कोकणी मुसलमानांनी हट्ट धरला, साहेबांनी मराठीत बोलावं. गांधीजी म्हणाले, बोला, मी हिंदुस्तानीत सांगतो. गोखले हसले, तुमचं हिंदुस्तानी मला कळून चुकलंय, आता मराठी कुठे शिकलात तेही सांगा! हे गांधीजींनी स्वतः लिहून ठेवलंय. मग गोखले मराठीत बोलले, आणि परतीच्या वाटेवर थेट झांजीबारपर्यंत आपल्या माणसांत मराठीतच बोलत गेले.

वेलदोडा

वा आत्या, हे माहीत नव्हतं. वाचनमात्र राहू नका.

तमिळवरून आठवलं, डर्बनचा "बनी चाव". ब्रेडचा पाव भाग कापून पोखरायचा, आत मटणाचा रस्सा ओतायचा, काढलेला गर वर झाकण म्हणून ठेवायचा. सशाचा काही संबंध नाही, बनी म्हणजे बनिया. डर्बनच्या गुजराती खाणावळींवरून नाव पडलं. मागताना नुसतं "क्वार्टर मटण" म्हणायचं. चमचा मागितला तर बघतात. रस्सा-पावाचा हा प्रकार कोल्हापुरात कुणी कसा शोधला नाही याचं नवल वाटतं.

संपादक

एका सदस्याने काळ्या लोकांना हिणवून वापरला जाणारा क पासूनचा शब्द व्युत्पत्तीसाठी म्हणून लिहिला होता. प्रतिसाद काढला आहे. त्या शब्दाच्या वापराबद्दल तिथे तुरुंगवास झालेला आहे. "कुली"ही तिथल्या हिंदी लोकांसाठी शिवीच होती, बॅरिस्टर गांधींनाही "कुली बॅरिस्टर" म्हणत. चर्चा चालू ठेवा.

अडकित्ता

संपादक, येबो.

हलकं काहीतरी: माझा एक केप टाऊनचा क्लायंट प्रत्येक वाक्याला "या-नी" म्हणतो. या म्हणजे हो, नी म्हणजे नाही. मी सहा महिने विचारतोय की हो की नाही?

उंबरठा

"या-नी" म्हणजे खरंय बाबा, असंच असतं. तुम्ही मराठी आहात ना? मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं. "काय उकडतंय!" "हो ना!" यात हो कोण आणि ना कोण?

अडकित्ता

तो ना नकाराचा नाही हो, लाडाचा आहे.

उंबरठा

असेल. पण परक्याला तसं सांगून बघा.

रानजाई

सगळ्यांचे आभार, वही भरली. एक राहिलं.

जूनमध्ये सासूबाई आल्या. जून म्हणजे इथे थंडी, त्या शाल गुंडाळून सकाळी कॉम्प्लेक्समध्ये चालायला जायच्या. दुसऱ्याच दिवशी तणतणत परत आल्या. "तो गेटवरचा वॉचमन मला हाकलतो. मी दिसले की म्हणतो, गो, गो!" मी विचारलं, हात कसा करतो? तर म्हणे हात जोडल्यासारखा करतो आणि वर हसतो, निर्लज्ज. मला उमजायला मिनिट लागलं. झुलूत गोगो म्हणजे आजी. रक्ताची असो नसो, वयाने मोठी बाई दिसली की गोगो, जसं आपण भाजीवालीला मावशी म्हणतो. तो बिचारा "सॉबोना, गोगो" म्हणत होता. नमस्कार आजी.

त्यांना सांगितलं तर दिवसभर गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी जाताना पदराआड बेसनाचे दोन लाडू घेऊन गेल्या. आता रोज त्याच्याशी मालवणीत बोलतात, तो झुलूत बोलतो, आणि दहा मिनिटं कुणाचंच काही अडत नाही. शेजारच्या काकूंच्या आईही हल्ली त्यांच्याबरोबर असतात.

उंबरठा, सासूबाईंनी विचारायला सांगितलंय: एकीला गोगो, तर दोघींना मिळून काय म्हणायचं?

उंबरठा

ओगोगो. टोपी बदलली.